हेन्री बेसेमर

सर हेन्री बेसेमर (१९ जानेवारी १८१३ – १५ मार्च १८९८) हे ब्रिटिश अभियंते, संशोधक व उद्योजक होते. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवेचा झोत सोडून त्याचे थेट पोलाद करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. ही पद्धत बेसेमर प्रक्रिया या नावाने ओळखली जाते. या पद्धतीमुळे पोलाद प्रथमच स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर मिळू लागले. कार्बनाचे प्रमाण कमी असलेले मृदू पोलाद (माइल्ड स्टील) रेल्वेचे रूळ, पूल, जहाजे, बाष्पित्रे आणि पाण्याचे व वायूचे नळ यांसाठी सर्रास वापरण्याची सुरुवात या शोधापासून झाली.

सुरुवातीचे जीवन

बेसेमर यांचा जन्म इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातील चार्लटन या खेड्यात झाला. त्यांचे वडील अँथनी बेसेमर हे कुशल यंत्रज्ञ होते. त्यांनी काही काळ पॅरिसमध्ये काम केले होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांना इंग्लंडला परतावे लागले. पुढे त्यांनी चार्लटन येथे छपाईचे खिळे ओतण्याचा कारखाना काढला. हेन्री यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच झाले. धातू वितळवणे, साचे करणे आणि ओतकाम करणे यांचे शिक्षण त्यांना वडिलांच्या कारखान्यातच मिळाले. १८३० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कुटुंबासह लंडनला आले.

लंडनमध्ये त्यांनी नक्षीदार ठसे व ओतीव कलावस्तू तयार करण्याचे काम सुरू केले. त्या काळी दस्तऐवजांवरील सरकारी मुद्रा जुन्या कागदांवरून काढून नव्या कागदांवर पुन्हा चिकटवल्या जात आणि सरकारचा महसूल बुडत असे. बेसेमर यांनी कागदाला छिद्रे पाडणारा, पुन्हा वापरता न येणारा ठसा तयार करून मुद्रा कार्यालयाला दाखवला. त्याबद्दल त्यांना त्याच कार्यालयात पगारी पद देऊ करण्यात आले. त्यांची वाग्दत्त वधू अ‍ॅन अ‍ॅलन यांनी मात्र मुद्रेवर तारीखच घालण्याची अधिक सोपी युक्ती सुचवली. बेसेमर यांनी तीही प्रामाणिकपणे अधिकाऱ्यांपुढे मांडली. सरकारने ती स्वीकारली. मात्र आता नव्या यंत्रणेची गरज उरली नाही, या कारणाने देऊ केलेले पद रद्द झाले आणि मोबदलाही मिळाला नाही. या अनुभवाचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. यापुढील प्रत्येक शोध पेटंटाने किंवा गुप्ततेने राखण्याची दक्षता त्यांनी घेतली. १८३४ साली त्यांचा अ‍ॅन यांच्याशी विवाह झाला.

काशाच्या रंगाची भुकटी

आपल्या बहिणीच्या चित्रवहीवर सोनेरी अक्षरे रंगवण्यासाठी बेसेमर यांनी काशाच्या रंगाची धातूची भुकटी विकत घेतली. तिची किंमत औंसाला सात शिलिंग होती, तर ती ज्यापासून बनते ते पितळ पौंडाला सुमारे अकरा पेन्स या दराने मिळत असे. ही भुकटी जर्मनीत हाताने कुटून केली जाई. बेसेमर यांनी तिच्यासाठी यंत्रे तयार केली आणि लंडनमधील सेंट पँक्रस भागातील बॅक्स्टर हाउस येथे १८४० च्या दशकात कारखाना उभारला. यंत्रांचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून करून घेतले, जेणेकरून पूर्ण यंत्र कोणालाच कळू नये. कामावर पत्नीच्या भावांसारखे विश्वासू नातेवाईकच नेमले. पेटंट न घेता हे रहस्य अनेक दशके टिकून राहिले. या भुकटीच्या उत्पन्नामुळेच त्यांना पुढील प्रयोगांचा खर्च पेलता आला.

या काळात त्यांनी उसाचा रस काढण्याच्या यंत्रात सुधारणा केली, तसेच वितळलेल्या काचेची सलग पट्टी लाटण्याची पद्धतही शोधली. आयुष्यभरात त्यांनी शंभराहून अधिक पेटंटे मिळवली.

बेसेमरपूर्व काळातील लोखंड व पोलाद

झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडात सुमारे ३ ते ४.५ टक्के कार्बन असतो. ते सहज ओतता येते. परंतु ठिसूळ असल्याने घणाखाली किंवा धक्क्याने फुटते. कार्बन जवळजवळ पूर्णपणे काढून टाकला की घडीव लोखंड मिळते. ते चिवट असते, वाकवता येते आणि तापवून जोडता येते. मात्र ते मऊ असते आणि त्यात मळीचे तंतू राहतात. पोलाद हे या दोहोंच्या मधले असते. त्याला घडीव लोखंडाची चिवटता आणि अधिक ताकद या दोन्ही गोष्टी लाभतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घडीव लोखंड तयार करण्यासाठी कामगारांना भट्टीतील लोखंड लांब सळईने तासन्‌तास ढवळावे लागे. पोलादासाठी घडीव लोखंडाच्या पट्ट्या कोळशात कित्येक दिवस तापवून पुन्हा मुशीत वितळवाव्या लागत. मुशीतील पोलाद महाग असल्याने त्याचा उपयोग चाकू, वस्तरे, स्प्रिंगा व हत्यारे यांपुरताच मर्यादित होता. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर धावलेल्या भारतातील पहिल्या प्रवासी रेल्वेचे रूळही घडीव लोखंडाचेच होते.

पोलादाचा शोध

क्रिमियन युद्धाच्या (१८५३–५६) काळात बेसेमर यांनी स्वतःभोवती फिरत जाणारा लांबट तोफगोळा तयार केला. ब्रिटिश युद्धखात्याने त्यात रस घेतला नाही. परंतु फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने प्रयोगासाठी साहाय्य केले. पॅरिसजवळील व्हॅन्सेन येथे गोळ्यांची चाचणी यशस्वी झाली. मात्र असे जड गोळे बिडाच्या तोफेतून सुरक्षितपणे उडवता येतील काय, अशी शंका चाचणीस उपस्थित असलेले अधिकारी मिनिए यांनी व्यक्त केली. खरी अडचण गोळ्याची नसून तोफेच्या धातूची आहे, हे बेसेमर यांच्या लक्षात आले. धातुविज्ञानाचे त्यांचे ज्ञान तेव्हा तोकडेच होते. तरीही अधिक बळकट लोखंड तयार करण्याचा निश्चय करून ते लंडनला परतले.

बॅक्स्टर हाउस येथील एका भट्टीत कच्च्या लोखंडाचे काही तुकडे बाजूला राहून वितळले नसल्याचे त्यांना आढळले. ते तुकडे म्हणजे आत पोकळ झालेली, कार्बन निघून गेलेल्या लोखंडाची टरफले होती. भट्टीत येणाऱ्या हवेनेच कार्बन जाळून टाकला होता. यावरून, वितळलेल्या लोखंडात थेट हवा फुंकली तर ढवळण्याची गरजच पडणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑक्टोबर १८५५ पासून त्यांनी या विषयावर पेटंटे घेण्यास सुरुवात केली.

हवेचा थंड झोत सोडल्यास लोखंड गोठून जाईल, अशी तत्कालीन जाणकारांची समजूत होती. प्रत्यक्षात उलटे घडले. लोखंडातील सिलिकॉन, मँगॅनीज व कार्बन यांचे ऑक्सिडीकरण होताना इतकी उष्णता बाहेर पडली, की बाहेरून कोणतेही इंधन न देता धातूचे तापमान वाढतच गेले. पहिल्या मोठ्या प्रयोगात पात्रातून ठिणग्या, ज्वाळा व वितळलेल्या मळीचा असा उद्रेक झाला, की झोत बंद करण्यासाठी जवळ जाणेही अशक्य झाले. काही मिनिटांनी ज्वाळा आपोआप शांत झाल्या आणि पात्रात द्रवरूप, नरम व घडीव लोखंड तयार झालेले आढळले.

ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनम येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी या शोधावर निबंध वाचला. इंधनाविना लोखंड व पोलाद तयार करण्याच्या या दाव्याने खळबळ उडाली. काही आठवड्यांतच अनेक कारखानदारांनी परवाने घेतले आणि बेसेमर यांना सुमारे २७,००० पौंड मिळाले.

अपयश आणि त्याची कारणे

कारखानदारांच्या हाती मात्र निराशाच आली. त्यांनी तयार केलेले पोलाद तापलेले असताना लाटण यंत्रात फाटे आणि थंड झाल्यावर धक्क्याने तुटे. काही महिन्यांपूर्वी ज्यांची वाहवा झाली, त्या बेसेमर यांच्यावर सर्व बाजूंनी टीका सुरू झाली. त्यांनी परवान्यांचे हक्क मोठ्या रकमा देऊन परत विकत घेतले आणि आपली बहुतेक संपत्ती पणाला लावून नव्याने प्रयोग सुरू केले.

रासायनिक पृथक्करणावरून असे दिसून आले, की पहिल्या प्रयोगांसाठी योगायोगाने वापरलेल्या लोखंडात फॉस्फरस फारच कमी होता. ब्रिटनमधील बहुतेक धातुकांत मात्र तो भरपूर होता. परिवर्तकाला आतून सिलिकायुक्त, म्हणजेच अम्लधर्मी विटांचे अस्तर असे. अशा अस्तरात फॉस्फरस मळीत न जाता लोखंडातच राहतो. थंड असताना पोलाद ठिसूळ होण्याचे हे कारण होते. दुसरा दोष अतिरिक्त ऑक्सिजनाचा होता. झोत योग्य क्षणी थांबवणे अवघड असल्याने धातूत ऑक्सिजन शिल्लक राही आणि तापलेले पोलाद फाटे.

पहिल्या अडचणीवर बेसेमर यांनी कमी फॉस्फरसाचे लोखंड वापरण्याचा मार्ग काढला. स्वीडनमध्ये गोरान गोरान्सन यांनी लोणारी कोळशावर तयार केलेले शुद्ध लोखंड वापरून १८५८ साली ही प्रक्रिया यशस्वी करून दाखवली. दुसऱ्या अडचणीवरील उपाय रॉबर्ट फॉरेस्टर मुशेट या इंग्रज धातुविज्ञांनी १८५६ मध्येच शोधला होता. सर्व कार्बन जाळून टाकावा आणि नंतर मँगॅनीज व कार्बन असलेले श्पीगेलआयझेन हे मिश्रलोखंड ठरावीक प्रमाणात घालावे, असा तो उपाय होता. मँगॅनीज ऑक्सिजनाला बांधून ठेवते आणि कार्बनाचे प्रमाण हवे तितके राखता येते.

मुशेट यांच्याशी वाद

मुशेट यांचे पेटंट टिकवण्यासाठी भरावयाचे मुद्रांक शुल्क १८५९ साली त्यांच्या विश्वस्तांकडून भरले गेले नाही. त्यामुळे पेटंटाचा हक्क संपुष्टात आला आणि कोणालाही मँगॅनीजचा वापर विनामूल्य करता येऊ लागला. बेसेमर पोलादाच्या व्यवहारातून इतरांना संपत्ती मिळत असताना मुशेट मात्र विपन्नावस्थेत व आजारपणात दिवस काढत होते. १८६६ साली त्यांची सोळा वर्षांची मुलगी मेरी एकटीच लंडनला गेली आणि तिने बेसेमर यांच्यापुढे वडिलांची बाजू मांडली. बेसेमर यांनी मुशेट यांचा हक्क कायद्याने मान्य केला नाही. परंतु त्यांचे कर्ज फेडले आणि त्यांना वर्षाला ३०० पौंडांचे वेतन सुरू केले. हे वेतन १८९१ मध्ये मुशेट यांचे निधन होईपर्यंत चालू होते. हे औदार्य होते, की ऋणाची अप्रत्यक्ष कबुली होती, याविषयी तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. एखाद्या प्रक्रियेला एका व्यक्तीचे नाव मिळाले, तरी ती उपयुक्त होण्यामागे अनेकांचे श्रम असतात, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. अमेरिकेत विल्यम केली यांनीही हवेच्या झोताचा स्वतंत्रपणे वापर केला होता आणि १८५७ साली तेथील पेटंट त्यांना मिळाले होते.

शेफील्डचा कारखाना व प्रसार

दोष दूर झाल्यावरही कारखानदार पुन्हा परवाने घेण्यास तयार होईनात. तेव्हा बेसेमर यांनी १८५८ साली पोलादाचे केंद्र असलेल्या शेफील्ड शहरातच भागीदारीत स्वतःचा कारखाना काढला आणि प्रचलित दरापेक्षा बरेच स्वस्त पोलाद विकण्यास प्रारंभ केला. स्पर्धेच्या दबावामुळे इतरांना परवाने घेणे भाग पडले. १८६० साली त्यांनी कलता करता येणाऱ्या परिवर्तकाचे पेटंट घेतले. आडव्या स्थितीत लोखंड भरणे, उभे करून तळातील छिद्रांतून झोत सोडणे आणि पुन्हा कलते करून पोलाद ओतणे यामुळे सुलभ झाले. एक खेप सुमारे वीस मिनिटांत पूर्ण होई. तेवढ्याच कामाला पूर्वी दिवस लागत. पोलादाची किंमत टनामागे ४० पौंडांवरून कालांतराने ६–७ पौंडांवर आली. स्वामित्वशुल्कापोटी बेसेमर यांना दहा लाख पौंडांहून अधिक उत्पन्न मिळाले.

फॉस्फरसाचा प्रश्न मात्र बेसेमर यांना सोडवता आला नाही. तो लंडनच्या न्यायालयात कारकून असलेल्या सिडनी गिलख्रिस्ट टॉमस यांनी आपले चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांच्या साहाय्याने १८७८–७९ च्या सुमारास सोडवला. परिवर्तकाला डोलोमाइटाचे अल्कधर्मी अस्तर देऊन व चुना घालून त्यांनी फॉस्फरस मळीत उतरवला. ही मळी पुढे खत म्हणूनही उपयोगी पडली.

मृदू पोलाद व पोलादी नळ

बेसेमर प्रक्रियेमुळे ज्या वस्तूंचे स्वरूप पालटले, त्यांत नळ ही एक महत्त्वाची वस्तू होय. वायुदिव्यांच्या आरंभीच्या काळात बंदुकीच्या जुन्या नळ्या एकमेकींना जोडूनही वायू वाहून नेला जाई. १८२५ साली कॉर्नेलियस व्हाइटहाउस यांनी तापलेली लोखंडी पट्टी साच्यातून ओढून तिच्या कडा जोडण्याची व सलग नळ तयार करण्याची पद्धत शोधली. त्यासाठी घडीव लोखंडाची पट्टी लागे. स्वस्त मृदू पोलाद मिळू लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची पट्टी घडीव लोखंडाची जागा घेऊ लागली. १८८५ साली जर्मनीतील राइनहार्ड व माक्स मानेसमान या बंधूंनी तापलेल्या भरीव पोलादी दांड्यातून बिनजोड नळ तयार करण्याची पद्धत शोधली.

मृदू पोलादात कार्बनाचे प्रमाण साधारणपणे ०.०५ ते ०.२५ टक्के असते. त्याची घनता घनमीटरला सुमारे ७,८५० किलोग्रॅम आणि प्रत्यास्थता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो. सर्वसाधारण बांधकामाच्या पोलादात सुमारे २५० मेगापास्कल ताणापर्यंत कायमची विकृती येत नाही. कार्बन कमी असल्याने तापवून एकदम थंड केले तरी ते फारसे कठीण होत नाही. परंतु त्याच कारणामुळे ते वाकवणे, त्यावर आटे पाडणे आणि त्याचे वितळजोडकाम करणे सोपे जाते. बिडाचा नळ जमीन खचल्यास किंवा आघात झाल्यास तडकतो. पोलादी नळ फुटण्यापूर्वी ताणला व वाकला जातो. त्यामुळे त्याची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन कमी होते.

गंज हा या नळांचा मुख्य दोष होय. ओलावा व ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात मृदू पोलाद सतत गंजत राहते. त्यावर उपाय म्हणून नळांना जस्ताचा मुलामा, रंग किंवा डांबरी लेप देतात. पाण्याच्या मोठ्या नळांना आतून सिमेंटचे अस्तर दिले जाते. घडीव लोखंडाचे नळ पोलादी नळांपेक्षा कमी गंजतात, असा दावा त्यांचे उत्पादक अनेक वर्षे करीत राहिले.

भारतात पाणी, वायू व वाफ यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान व्यासाच्या मृदू पोलादी नळांना आय.एस. १२३९ हे मानक लागू आहे. भिंतीच्या जाडीनुसार त्यांचे हलका, मध्यम व जड असे तीन वर्ग असून ते अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व लाल पट्ट्यांनी ओळखले जातात. १५ मिलिमीटर नाममात्र व्यासाच्या नळासाठी या तीन वर्गांतील जाडी अनुक्रमे २.०, २.६ व ३.२ मिलिमीटर असते. बाहेरील व्यास जवळजवळ सारखाच असल्याने आट्यांचे जोड तिन्ही वर्गांना चालतात. जाडी वाढल्यास आतील पोकळी तेवढी कमी होते. नळपाणी योजना, अग्निशमन व्यवस्था, बांधकामाची परांची, कठडे, छपरांचे सांगाडे व फर्निचर यांसाठी हे नळ वापरतात. मुंबईला दूरच्या जलाशयांतून येणारे पाणीही मोठ्या व्यासाच्या पोलादी नळांतून आणले जाते.

इतर उद्योग व सन्मान

समुद्रप्रवासात होणाऱ्या त्रासावर उपाय म्हणून बेसेमर यांनी जहाज हेलकावे खात असतानाही सपाट राहील असा अधांतरी दिवाणखाना योजला. त्यासाठी बांधलेले बेसेमर हे जहाज मे १८७५ मध्ये फ्रान्समधील कॅले बंदराच्या धक्क्यावर आदळले. हा उपक्रम बंद पडून त्यांचे मोठे आर्थिक नुकसान झाले.

१८७१ ते १८७३ या काळात ते आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूट या संस्थेचे अध्यक्ष होते. धातुविज्ञानातील कार्यासाठी दिले जाणारे बेसेमर सुवर्णपदक त्यांच्याच देणगीतून सुरू झाले. १८७९ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. हा सन्मान पोलादासाठी नसून, तरुणपणी केलेल्या व विनामोबदला राहिलेल्या मुद्रांकविषयक कामासाठी होता. आपल्यावर झालेल्या अन्यायाची हकीकत त्यांनी सुमारे ४५ वर्षांनंतर वृत्तपत्रातून मांडल्यावर सरकारने ही भरपाई केली.

लंडनमधील डेन्मार्क हिल येथील घरी त्यांनी उत्तरायुष्यात दूरदर्शक व सौरभट्टी यांवर प्रयोग केले. १८९७ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १५ मार्च १८९८ रोजी त्यांचेही निधन झाले. त्यांचे दफन वेस्ट नॉरवुड येथील दफनभूमीत करण्यात आले. त्यांचे अपूर्ण राहिलेले आत्मचरित्र मुलाने लिहिलेल्या अखेरच्या प्रकरणासह १९०५ साली प्रकाशित झाले.

वारसा

बेसेमर पोलादात हवेतील नायट्रोजन मिसळत असल्याने ते कालांतराने काहीसे ठिसूळ होई. शिवाय खेप झपाट्याने पूर्ण होत असल्याने रासायनिक घटकांवर नियंत्रण ठेवणे कठीण जाई. त्यामुळे सीमेन्स व मार्तां यांची सावकाश चालणारी खुल्या चुलीची भट्टी पूल व जहाजे यांसाठी अधिक पसंत केली जाऊ लागली. स्कॉटलंडमधील १८९० साली पूर्ण झालेला फोर्थ पूल याच पोलादाचा असून त्याचे मुख्य दाबवाही भाग १२ फूट व्यासाच्या प्रचंड पोलादी नळ्यांचे आहेत. जमशेदपूर येथे १९१२ साली सुरू झालेले पोलाद उत्पादनही खुल्या चुलीच्या भट्टीचे होते. जोडनळांसाठी मात्र बेसेमर पोलाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही वापरात राहिले.

हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरण्याची कल्पना बेसेमर यांना सुचली होती. परंतु त्या काळी ऑक्सिजन स्वस्तात मिळत नसे. १९५२ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे ती औद्योगिक प्रमाणावर साकार झाली. भारतात राउरकेला येथील कारखान्याने आरंभापासूनच या पद्धतीचा अवलंब केला आणि पुढे तेथे पोलादी नळांचे उत्पादनही होऊ लागले. बेसेमर यांचे परिवर्तक आज कारखान्यांतून नाहीसे झाले असून काही पात्रे संग्रहालयांत जतन केलेली आहेत. द्रवरूप लोखंडात वायू फुंकून पोलाद तयार करण्याचे त्यांचे मूळ तत्त्व मात्र जगातील बहुसंख्य पोलाद उत्पादनाचा आजही आधार आहे.